पाच लाखांचा पगार आणि नागावची वाडी

"ताई, महिन्याला पाच लाख! पाच! वर विमानातलं जेवण फुकट," वहिनी गडग्यापलीकडून म्हणाल्या.

कोणाला, ते विचारायची गरज नव्हती. त्यांच्या नणंदेचा मुलगा यंदा बारावीला बसलाय, त्याने पायलट व्हायचं ठरवलंय, आणि त्यापायी नणंदेच्या नागावच्या वाडीचा सौदा चाललाय, हे आमच्या आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वाडी बघायला मुंबईचे दोघे गाडी घेऊन आले, त्यातल्या एकाने विहिरीत वाकून पाहिलं आणि पाणी गोडं का खारं ते विचारलं, इथवर तपशील पोचला होता. आकडा तेवढा नवा होता.

वहिनींचं माहेर आमच्या अलिबागजवळच्या खंडाळ्याचं. तिथून पांढऱ्या कांद्याची पोती आली होती आणि त्या ओटीच्या पायरीवर माळा विणत बसल्या होत्या. एक कांदा, त्याची वाळकी पात, तिच्यात दुसऱ्याची पात गुंतवायची, पीळ द्यायचा, तिसरा घ्यायचा. हात चालू, तोंडही चालू. अशा वेळी त्यांना अडवणं म्हणजे माळ उसवणं.

तरी मी अडवलं. "पाच लाख कॅप्टनला हो. हा अजून बारावीला आहे."

"होईल की कॅप्टन! विमानतळ दारात आलाय आता."

हे मात्र खरं. उलव्याचा नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला, तेव्हापासून आमच्याकडे घरटी एक पायलट उगवलाय. पूर्वी पोरगा थळच्या आरसीएफला लागला की आई पेढे वाटायची, मग जेएनपीटीचं वेड आलं. आता पोरं आभाळाकडे बघून विमानाचं नाव सांगतात. विमानतळ दारात असला म्हणून पायलटची नोकरी दारात येत नाही, हे कोणी सांगायचं? नवी कोरी भरती झालेल्या पोराला कंपनी दिल्लीला टाकेल नाही तर कोलकात्याला.

मला एवढं ज्ञान कुठून, तर मागच्या आळीतली मुलगी. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गणिताच्या शिकवण्या घेत होते, तेव्हा ती माझ्याकडे यायची. आज ती एका विमान कंपनीत उजव्या खुर्चीवर बसते. उजवी खुर्ची फर्स्ट ऑफिसरची, डावी कॅप्टनची. सुटीत आली की माझ्या ओटीवर बसून सगळं सांगते, म्हणून त्या पाच लाखांच्या आत काय काय दडलंय ते मी जवळून पाहिलंय.

"आधी खर्च ऐका," म्हटलं. "बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं. मग सरकारी विमान खात्याची, म्हणजे डीजीसीएची मेडिकल, आधी क्लास टू, नंतर क्लास वन. मग पेपर. नेव्हिगेशन, हवामान, कायदेकानू, विमानाची तांत्रिक माहिती. शंभरात सत्तर पडले तर पास, एकोणसत्तरला नापास. रेडिओवर बोलायची परीक्षा वेगळी."

"हुशार आहे तो. नेव्हिगेशन म्हणजे?"

"दिशा. होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर एक नसते, त्यातला फरक धरून चालवावं लागतं. आपल्या अलिबागच्या वेधशाळेत तेच तर मोजतात."

"तिथे भूकंप मोजतात ना?"

"पृथ्वीचं चुंबकत्व मोजतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची यंत्रं बिघडतील, या भीतीने १९०४ साली ते काम अलिबागला आणलं." उलव्याच्या धावपट्टीचा ०८ हा आकडाही चुंबकीय दिशेचाच, ऐंशी अंशांतलं शून्य गाळून लिहिलेला. आमची पोरं रोज त्या वेधशाळेच्या कुंपणावरून सायकली मारत गेली, आत काय चालतं ते कोणाला ठाऊक नाही.

वहिनींना यात रस नव्हता. "खर्च सांगा."

"दोनशे तास विमान उडवायचं, तेव्हा कमर्शियल लायसन. शाळा आपल्याकडे बारामतीला आहे, गोंदियाला आहे, धुळ्याला आहे. अमरावतीला बेलोऱ्याच्या विमानतळावर एअर इंडियाने मोठी शाळा जाहीर केलीय, वर्षाला १८० पायलट काढायचे म्हणतात. सरकारी म्हणाल तर रायबरेलीजवळ फुरसतगंजला, प्रवेशपरीक्षा देऊन. कुठेही जा, पन्नास लाखांच्या आत भागत नाही. मग एअरबस किंवा बोइंग चालवायचं वेगळं शिक्षण, टाइप रेटिंग म्हणतात. त्याचे पुन्हा पंधरा-वीस लाख."

पीळ देणारे हात थांबले. "म्हणजे लायसन मिळालं तरी विमान चालवता येत नाही?"

"छोटं चालवता येतं. पण छोट्यावर पगार नाही."

मागच्या आळीतल्या त्या मुलीने परराज्यातल्या एका शाळेत दोनशे तास भरले, त्यात दोन पावसाळे गेले. ढग असले की विमान जमिनीवर, विमान नीट असलं तर शिकवणारा रजेवर, आणि खोलीचं भाडं मात्र ऊन-पाऊस बघत नाही. तिच्या वडिलांनी घर गहाण टाकलं होतं. लायसन हातात आल्यावर ती घरी बसून होती, तेव्हाचे तिच्या आईचे डोळे मी पाहिलेत. लग्नात, बारशात लोक विचारायचे, "काय, उडते का?" आई म्हणायची, "चाललंय." देशात २०२४ साली एका वर्षात तेराशेवर कमर्शियल लायसनं निघाली. मंत्री म्हणतात, पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तीस हजार पायलट लागतील. लागतील, पण तोवर बँकेचा हप्ता कोण भरणार?

एवढ्यात अण्णा आले. अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊनही त्यांच्या डोक्यातलं ड्युटीचं रजिस्टर मिटलेलं नाही. सायकल गडग्याला टेकवून ते थेट विषयात शिरले, म्हणजे कोपऱ्यावरून ऐकत आले असणार.

"एसटीचा ड्रायव्हरही लायसन स्वतःच्या पैशानेच काढतो," अण्णा म्हणाले. "पण त्याचे काही हजार जातात. भोसरीच्या ट्रॅकवर नापास झाला तर ट्रक चालवेल. ह्यांचं उलटं. आधी लाखो रुपये भरायचे, आणि तू लायक आहेस का ते नंतर बघायचं."

नेमकं हेच माझ्या मनात होतं, आणि ते अण्णांनी आधी बोलून टाकलं याचा मला जरा राग आला. कारण निवडीची परीक्षा असते ती या सगळ्यानंतर. मुलीने मला ओटीवर ती समजावून सांगितली होती. कॉम्पास म्हणतात त्या चाचणीला. संगणकासमोर बसवतात, हातात जॉयस्टिक, पायात पॅडल. पडद्यावर एक खूण हलत असते, ती मधोमध धरायची. हात एकीकडे, पाय दुसरीकडे. दुसऱ्या खेळात आकडे दाखवून पुसून टाकतात, ते आठवायचे. तिसऱ्यात विमानातल्या दोन घड्याळांसारख्या तबकड्या बघून, आपण विमानतळाच्या कुठल्या अंगाला आहोत ते सेकंदांत सांगायचं. तोंडी गणितं असतात. शेवटी सगळी कामं एकदम अंगावर टाकतात आणि कुठलं आधी करता ते बघतात. ती म्हणाली, "बाई, तुम्ही पाढे घोकून घेतलेत त्याचा उपयोग तिथे झाला." हे मी आळीत पाच-सहा जणांना सांगितलंय, लपवत नाही.

त्यानंतर गटचर्चा, मानसशास्त्राचे प्रश्न, सिम्युलेटर, मुलाखत. विमान कसं उडतं हे तिला फारसं विचारलंच नाही. विचारलं ते असं, की कॅप्टन चुकतोय हे तुम्हाला दिसलं तर तुम्ही त्याला कसं सांगाल? आमच्याकडे मुलींना लहानपणापासून मोठ्यांपुढे बोलू नको असं शिकवतात. ही वाचली, कारण हिची आजी भांडखोर.

"मग आधी परीक्षा, मग पैसे असं कुठेच नाही?" वहिनींनी विचारलं.

"आहे. मोठ्या कंपन्या कॅडेट घेतात. इंडिगोचं आहे, एअर इंडियाचंही आहे. तिथे निवड आधी होते, मग शिक्षण, आणि पास झालात तर नोकरी. पण खर्च कॅडेटचाच, तो कोटीच्या घरात."

"म्हणजे वाडी गेलीच."

"वाडी जाते, पण निदान कशासाठी गेली ते कळतं."

अण्णांना आता रजिस्टर उघडायचं होतं. "पगाराचं बोला. लाखांवर जाऊ नका, तासांवर जा." आणि त्यांनी मांडून दाखवलं. पायलटचा पगार म्हणजे ठरावीक तासांची हमी आणि वरच्या तासांचा जादा भत्ता. हमी सत्तर तासांची असली तर विमान उडो न उडो, सत्तर तासांचे पैसे. हमी चाळीसवर आणली की तोच माणूस, तीच टोपी, आणि घरात येणारा पैसा कमी. विस्तारा या विमान कंपनीत २०२४ च्या मार्च-एप्रिलात नेमकं हेच झालं. एअर इंडियात विलीन होण्याआधी सत्तरची हमी चाळीसवर आली, एकाएकी पुष्कळ पायलट आजारी पडले, विमानं रद्द झाली आणि कंपनीने उड्डाणंच दहा टक्के कमी केली.

"एकदम सगळे आजारी?" वहिनी हसल्या.

"एसटीत होतं तसंच," अण्णा म्हणाले. "फरक इतकाच, की आमच्यातल्या आजाऱ्याला निलंबनाचं पत्र घरी यायचं."

नोकरी सोडून दुसरीकडे जायचं तरी सोपं नाही. फर्स्ट ऑफिसरने सहा महिने आधी सांगायचं, कमांडरने वर्षभर आधी. हा डीजीसीएचा नियम २०१७ पासूनचा. वर्षभर आधी तर आमच्याकडे लग्नाचा हॉलही कोणी ठरवत नाही.

"आणि २०२५ च्या डिसेंबरात इंडिगोचं काय झालं?" अण्णा रंगात आले होते. "विश्रांतीचे नियम बदलले. आठवड्याची सुटी छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. दोन वर्षं आधी सांगितलेलं. माणसं वाढवली नाहीत, ड्युट्या लावता येईनात, ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर विमानं रद्द. मी असतो तर पहिल्या आठवड्यातच सांगितलं असतं, की साहेब, गाड्या आहेत, चालक नाहीत, वेळापत्रक छापू नका."

शेवटी इंडिगोला त्या नियमांतून काही काळ सूट द्यावी लागली. विश्रांती पायलटची, सूट कंपनीला. हे मला अजून पचलेलं नाही.

"ते तोंडाने फुंकायचं यंत्र पायलटलाही असतं का हो?" वहिनींचा मूळ स्वभाव जागा झाला.

"असतं. माऊथवॉशसुद्धा चालत नाही." अण्णांनी आवाज उतरवला. "मध्यंतरी केरळात एसटीच्या ड्रायव्हरांनी ड्युटीआधी पिकला फणस खाल्ला, तर यंत्राने त्यांना प्यायलेलं ठरवलं. तुमचा भाचा मे महिन्यात सुटीला आला तर बरका फणस देऊ नका."

मग विषय अपरिहार्यपणे मांडव्याच्या बंगल्याकडे गेला. पायलट आणि पगार हे दोन शब्द आमच्या तालुक्यात एकत्र आले की तो बंगला येतोच. मल्ल्यांची किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरात जमिनीवर बसली, पायलटांसकट सगळ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले, आणि ईडीने पुढे जप्त केलेली एक मालमत्ता म्हणजे हे मांडव्याचं फार्महाऊस. रो-रोने येणारे पाहुणे अजून विचारतात, तो बंगला कुठला? मग २०१९ च्या १७ एप्रिलला जेट एअरवेज बंद, २०२३ च्या मेमध्ये गो फर्स्ट. दर वेळी अनुभवी पायलट शेकड्यांनी बाजारात येतात आणि नवं लायसन घेतलेली पोरं रांगेत मागे ढकलली जातात. रांगेत आपला नंबर कितवा, हे वर्तमानपत्रात कधी छापून येत नाही.

वहिनी थोडा वेळ गप्प. त्यांच्यासाठी हे फार. मग म्हणाल्या, "तुमच्या त्या मुलीला स्थळ आलं होतं म्हणे पेणचं?"

आलं होतं. मुलाच्या आईने विचारलं, रात्री घरी असते का? मुलीची आजी म्हणाली, तुमचा मुलगा कंपनीत तिसऱ्या पाळीला असतो, तो कुठे असतो रात्री? स्थळ तिथेच मिटलं. सौदामिनी देशमुख यांनी १९८५ साली इंडियन एअरलाइन्सचं सगळ्या बायकांनीच चालवलेलं पहिलं विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं. देशातल्या पायलटांत आज शंभरात पंधराएक बायका आहेत, जगात हे प्रमाण सर्वांत जास्त आपल्याकडे. पेणला अजून कळायचंय.

"तर आता नणंदेला काय सांगू?" वहिनींनी शेवटी सरळ विचारलं. "मुंबईवाले पुढच्या शनिवारी बयाणा घेऊन येतायत."

"बयाणा घेऊ नका म्हणावं. आधी मेडिकल. काही हजारांत होते. नुसत्या क्लास टूवर थांबू नका, क्लास वनला काय काय तपासतात ते बघून सगळं आधी तपासून घ्या. रंग ओळखता येतात ना, कान, हृदय, सगळं. मग पेपर. पेपरला वाडी विकावी लागत नाही, घरी बसून अभ्यास होतो. पाचही सुटले, तर कॅडेटच्या निवडीला बसवा. तिथेही निवडला, मग मुंबईवाल्यांना फोन करा. वाडी कुठे पळून जात नाही, भाव वाढेलच."

"चष्मा चालतो का?"

"चालतो, चष्म्याने सहा-सहा दिसलं तर."

"रंगांचं मात्र..." वहिनी अडखळल्या, अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लहानपणी कैरी नि पिकला आंबा त्याला कळायचा नाही. आम्ही म्हणायचो, वेंधळा आहे."

अण्णांनी सायकल उचलली. "फोन लावा नणंदेला. आत्ता लावा."