चार तासांचे पाहुणे

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या सेलूत समुद्र नाही, बंदर नाही, जहाज तर दूरच. तरीही समुद्रपर्यटनावर बोलायचा हक्क आम्हाला आहे. किनाऱ्यावरच्या छोट्या गावांचं उद्या जे होऊ शकतं, ते आमच्या तालुक्यात आधीच होऊन बसलं आहे.

केंद्र सरकारनं 30 सप्टेंबर 2024 ला मुंबईतून ‘क्रूझ भारत’ मोहीम सुरू केली. 2029 पर्यंत क्रूझचे प्रवासी दुप्पट करायचे, असं त्यात ठरलं आहे. जहाजं वाढली की त्यांना थांबायला गावं लागणार. कोकणातल्या छोट्या बंदरांनाही आपल्याकडे जहाज यावं असं वाटणार, आणि ते वाटण्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की जहाज निघून गेल्यावर गावाच्या हाती काय उरतं?

गोव्यात मुरगावला हे बघायला मिळतं. जहाज सकाळी धक्क्याला लागतं, संध्याकाळी निघतं. खाणंपिणं, झोपणं, करमणूक या सगळ्याचे पैसे प्रवाशानं घरून निघतानाच भरलेले असतात. गाव बघायची सहलसुद्धा बरेच जण जहाजावरच विकत घेतात आणि त्यातला वाटा कंपनी ठेवते. बस धक्क्यावर तयार असते. जुन्या गोव्यातलं चर्च, मंगेशीचं देऊळ, मसाल्याची बाग, की परत. बंदराला खेटून असलेल्या वास्कोच्या बाजारात यातले किती जण शिरणार? जेवणाची वेळ झाली की जहाजावर पान वाढलेलंच असतं. मग गावातल्या खाणावळीत माशाच्या जेवणाला पैसे कोण मोजेल?

आता आमच्याकडे या. सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे. 1970 पासूनचं अभयारण्य, 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. गाभा जेमतेम 138 चौरस किलोमीटरचा, देशातल्या सगळ्यात छोट्यांपैकी एक. नागपूरच्या गाड्या पहाटे अंधारात सेलूवरून जातात. नाश्ता हॉटेलातून बांधून आणलेला, पाण्याच्या बाटल्यासुद्धा तिकडच्याच. वाघ दिसला तर फोटो, नाही दिसला तर चिडचिड, आणि दुपारच्या जेवणाला पुन्हा नागपूर. रस्त्यावरचा चहावाला मला म्हणाला, “गाड्या लय येते भाऊ, थांबत एकई नाही.” गेटवरच्या गाईडला आणि जिप्सीवाल्याला काम मिळतं, हे मी नाकारत नाही. पण वाघाशेजारी राहण्याची किंमत त्या दोघांच्या घरांपुरती नाही. ती जंगलाला लागून असलेलं प्रत्येक गाव मोजतं. रानडुक्कर आणि रोही पीक खातात म्हणून माणसं रात्र रात्र जागलीला जातात. गाय चरायला सोडताना घरच्या बाईच्या पोटात गोळा येतो. पाहुण्यांच्या गाड्यांचा धुरळाही त्यांच्याच अंगणात बसतो.

थोडक्यात, किंमत गावाची आणि कमाई बाहेरच्याची. बंदरातही हेच होईल.

पूर्वी असं नव्हतं. मुंबईहून निघालेली कोकण बोट हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत जायची. बऱ्याच ठिकाणी धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे. हालच होते ते, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण उतरणारा माणूस राहायला आलेला असायचा. शिमग्याला यायचा, लग्नाला यायचा, मे महिना काढायचा. पडाववाला, हमाल, बैलगाडीवाला, खाणावळवाला, सगळ्यांच्या हातात दोन पैसे पडायचे.

जगातली शहाणी गावं आता भानावर आली आहेत. व्हेनिसनं 2024 पासून ठरावीक दिवशी, रात्री न राहता नुसतं फिरून जाणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. मोठी जहाजं तर तिथल्या ऐन शहराजवळच्या कालव्यातून 2021 मध्येच हद्दपार झाली. अलास्कातल्या जुनो गावानं 2024 पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं, असं कंपन्यांशी ठरवून घेतलं. फ्लोरिडातल्या की वेस्टची गोष्ट मात्र संताप आणणारी आहे. तिथल्या लोकांनी नोव्हेंबर 2020 मध्ये मतदान करून मोठ्या जहाजांवर मर्यादा घातली आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं कायदा करून तो कौल मोडीत काढला. गावानं ठरवायचं आणि वरच्यांनी पुसायचं, हे आपल्या ग्रामसभांना नवीन नाही.

म्हणून मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरीच्या नगरसेवकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पहिलं जहाज दिसायच्या आत ठराव करा. माणशी शुल्क थेट नगर परिषदेच्या तिजोरीत यायला हवं. ते मंत्रालयात जाऊन परत यायची वाट बघत बसू नका. सहली गावातल्याच माणसांनी विकाव्यात. एका दिवशी किती प्रवासी उतरतील, हे गावच्या पाण्याकडे आणि कचऱ्याच्या गाडीकडे बघून ठरवा. आणि जहाज एक रात्र थांबणार असेल तर त्याला सवलत द्या. मुक्काम पडला की माणूस जेवतो, बाजारात फिरतो, कुणाशी तरी बोलतो. जहाज एकदा यायला लागलं, की अटी घालायची ताकद आपल्या हातात राहत नाही. मग कंपनी शेजारचं बंदर दाखवते आणि आपण गप्प बसतो.

आणि बोरला येणाऱ्यांना एक विनंती. आदल्या संध्याकाळीच या. केळझरच्या गणपतीचं दर्शन घ्या, रात्री सेलूत किंवा बोरधरणला मुक्काम करा, पिठलं-भाकर खा, वाघापलीकडच्या गोष्टी गावच्या माणसाला विचारा. सकाळी सफारी आहेच. नाश्ता तेवढा नागपूरहून बांधून आणू नका. पोहे सेलूतही मिळतात, तर्रीसकट.