आफ्रिकेच्या तळ्यावर निघालेल्या बीबीकरांसाठी प्राथमिक सूचना

मोबाइलवर मलावी सरोवराचे व्हिडिओ बघून ज्यांच्या अंगात आफ्रिका संचारली आहे, त्यांनी पासपोर्टच्या नादी लागण्याआधी लोणारची गाडी पकडावी. मलावी सुमारे ५८० किलोमीटर लांब आणि ७०६ मीटर खोल. आपल्या लोणारच्या तळ्याचं उल्का-विवर जेमतेम १.८ किलोमीटर रुंद. शिकाऊ माणसाला एवढं पुरे.

सोबत पाहुणे हवेत. बीबी गावचा माणूस पाहुणे आल्याशिवाय लोणारला जात नाही, हा जुना नियम आहे. नसतील तर मेहकरहून बोलावून घ्यावेत.

विवरात उतरताना चप्पल नको. उल्का पडली तेव्हा पायऱ्यांचा विचार झालेला नव्हता. खाली जाताना सगळेच गिर्यारोहक असतात. हा खड्डा सव्वाशे मीटरहून खोल आहे, हे परतताना गुडघे सांगतात.

आता किनारा. मलावीला केप मॅक्लिअरची वाळू, तिथे लोक चटई टाकून पहुडतात. आपल्याकडे काळा चिखल, कडेला खाराची पांढरी पापडी आणि वास. वासाचं वेगळं तिकीट नाही. पहुडण्याचा बेत असेल तर जुनी पँट घालावी.

पोहू नये. मलावीत गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या बिल्हार्झियाची धास्ती असते. इथे गोगलगायीचं सोडा, मासासुद्धा टिकत नाही. पाण्याचा सामू दहाच्या आसपास. खात्री करायची तर घरून चिमूटभर हळद न्यावी. तळहातावर घेऊन तळ्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकले की बघता बघता तिचं कुंकू होतं. पाहुण्यांना हे आधी सांगू नये, सगळी मजा त्यातच आहे.

वन्यजीवांच्या बाबतीत अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. मलावीत सिक्लिड माशांच्या शेकडो जाती, त्यातल्या कित्येकींच्या माद्या अंडी-पिल्लं तोंडात सांभाळतात. शिवाय पाणघोडे, मगरी. लोणारच्या अभयारण्यात मोर दिसतील, घोरपड दिसेल आणि वानरं तर तुम्हालाच बघायला येतील. शेंगदाण्याची पुडी त्यांच्यासमोर सोडणाऱ्याला आफ्रिकेत पाठवणं धोक्याचं आहे. पाणघोड्याची हौस रस्त्यातल्या म्हशींवर भागवावी.

गुलाबी पाण्याचा फोटो हवा असेल तर २०२०च्या जूनमध्ये जावं. पाणी आटून खारटपणा वाढला, मिठात रमणारे सूक्ष्मजीव माजले आणि तळं रंगलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचा छडा लावला. त्याच वर्षी तळं पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेलं. त्यानंतर येणाऱ्यांनी हिरव्या पाण्यावर समाधान मानावं.

गोडं पाणीच पाहिजे, असा हट्ट असेल तर काठावर गोमुखाची धार आहे, तिथे अंघोळही होते. खाली कमळजादेवीचं दर्शन घ्यावं. जवळच सासू-सुनेची विहीर: एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारट, असं सांगतात. कुठली बाजू कुणाची, ते सोबत दोघीही असताना विचारू नये.

शेवटी परीक्षा. खालून वर एकदाही न टेकता आलात, तर मलावीच्या व्हिसाची चौकशी करायला हरकत नाही. आजवर वर आलेले बहुतेक लोक आधी चहाची चौकशी करतात.