माजरी कोणत्या रकान्यात?

लोकसभेची निवडणूक आली की चंद्रपूरवर लिहिणाऱ्यांच्या हाती एक तक्ता येतो. कुणबी इतके टक्के, तेली इतके, बौद्ध इतके, आदिवासी इतके, बाकीचे उरलेल्यात. बेरीज जमली की उमेदवार ठरतो आणि मतदानाआधीच निकालही लागतो. हे टक्के आले कुठून, असं कोणी विचारत नाही. अनुसूचित जाती-जमाती सोडल्या तर १९३१ नंतर या देशात जातवार शिरगणतीचे आकडे प्रसिद्धच झालेले नाहीत. २०११च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाख ४ हजार. त्यात अनुसूचित जाती सुमारे १६ टक्के आणि जमाती सुमारे १८ टक्के, एवढं खात्रीने सांगता येतं. पुढचं सगळं अंदाजपंचे दाहोदरसे.

माझं म्हणणं सरळ आहे. हा तक्ता या मतदारसंघात पुन्हा पुन्हा खोटा ठरला आहे, आणि त्याच्यावर विसंबल्यामुळे माजरीसारख्या गावांकडे कोणाचंच लक्ष जात नाही.

माजरी भद्रावती तालुक्यात आहे. वर्ध्याकडून बल्लारशाहला जाताना वरोरा गेलं की थोड्याच वेळात गाडी माजरी जंक्शनला येते. इथून एक फाटा वणीवरून आदिलाबादकडे जातो. रुळांच्या आजूबाजूला वेकोलिचं, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सचं, माजरी क्षेत्र पसरलेलं: कोळशाच्या खुल्या खाणी, कॉलनीतली क्वार्टरं, आणि खाणीतून काढलेल्या मातीचे एवढे ढिगारे की नवख्याला ते डोंगरच वाटतात. उन्हाळ्यात वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत राखाडी होतो. भाज्यांच्या दुकानात मराठी, हिंदी आणि तेलुगू एकाच व्यवहारात चालतात. भाव मराठीत विचारला तर उत्तर हिंदीत येतं आणि दुकानदार बायकोशी तेलुगूत बोलतो. जनगणनेच्या पुस्तकात माजरी शहर आहे, कारण बहुतेक पुरुष शेतीबाहेर काम करतात. राज्य सरकारच्या लेखी इथे ग्रामपंचायत, म्हणजे गाव. आणि निवडणुकीच्या तक्त्यात माजरी कुठेच नाही, कारण ‘खाणकामगार’ नावाची जात नसते.

आता इतिहास बघा.

१९५२ला चांद्याने, म्हणजे आजच्या चंद्रपूरने, पहिला खासदार निवडला तो मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली. १९७१ला अब्दुल शफी. मुस्लिम वस्ती नाममात्र असलेल्या जिल्ह्याने दोन मुस्लिम खासदार दिल्लीला पाठवले. आज हा प्रस्ताव मांडला तर कोणत्याही पक्षाचा जिल्हाध्यक्ष वेड्यात काढेल. १९६२ला काँग्रेसची सद्दी ऐन भरात असताना इथे अपक्ष जिंकला, आदिवासींचे नेते लाल श्यामशाह. त्यांनी मुदत संपण्याआधी राजीनामा दिला. १९६७ला पुन्हा अपक्ष, के. एम. कौशिक. १९७७च्या लाटेत अहेरीचे राजे विश्वेश्वरराव. अहेरी आज ज्यात आहे तो गडचिरोली जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, तो १९८२ला झाला. पहिली पंचवीस वर्षं ही अशी. यातून कोणाला जातीचं गणित मांडता येत असेल तर त्याने खुशाल मांडावं.

नंतर शांताराम पोटदुखे आले आणि १९८०पासून सलग चार वेळा निवडून आले. नरसिंह रावांच्या सरकारात ते अर्थ राज्यमंत्री होते. १९९६ला हरले. हंसराज अहीर आले, मग १९९८ आणि १९९९ला नरेश पुगलिया, मग २००४पासून तीन वेळा पुन्हा अहीर. कोळसा खाणींच्या वाटपाचं प्रकरण संसदेत लावून धरणारे हेच अहीर. २०१४ला ते सव्वादोन लाखांहून जास्त मतांनी जिंकले, पुढे केंद्रात गृह राज्यमंत्री झाले, आणि २०१९ला ४४ हजार मतांनी पडले. महाराष्ट्रात ४८ जागांपैकी काँग्रेसला त्या वर्षी मिळालेली ही एकमेव जागा. जिंकणारे बाळू धानोरकर काही दिवसांपूर्वीपर्यंत शिवसेनेचे वरोऱ्याचे आमदार होते. २०२४ला राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार भाजपकडून उभे राहिले आणि बाळूंच्या पत्नी, काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर यांच्याकडून २ लाख ६० हजारांनी पडले.

केंद्रात अर्थ, केंद्रात गृह, राज्यात वन: तिन्ही वजनदार माणसं इथल्या मतदाराने घरी बसवली. दिल्ली-मुंबईत कितीही मोठं झालं तरी इथे त्याचा दबदबा चालत नाही, उलट हिशेब मागितला जातो. हा गुण मी या मतदारसंघाचा सर्वांत मोठा गुण मानतो, आणि तो कोणत्या एका जातीचा नाही.

२०२४बद्दल सगळीकडे एकच वाक्य ऐकू आलं: कुणबी एकवटले. असेलही. पण मग सहा महिन्यांनी काय झालं? लोकसभेला मुनगंटीवार स्वतःच्या बल्लारपुरातही मागे पडले होते. नोव्हेंबरमध्ये त्याच बल्लारपुराने त्यांना सुमारे २६ हजारांनी आमदार केलं. माणूस तोच, मतदार तेच, जाती त्याच. चंद्रपूर लोकसभेतल्या सहा विधानसभांपैकी राजुरा, चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा आणि आर्णी भाजपकडे गेल्या, वणी ठाकरेंच्या शिवसेनेकडे. विक्रमी मतांनी खासदार देणाऱ्या काँग्रेसच्या वाट्याला भोपळा. वरोऱ्यात तर प्रतिभा धानोरकर स्वतः आमदार होत्या. तीही जागा गेली. सहा महिन्यांत कोणाची जात बदलत नाही. प्रश्न बदलला होता, समोरचा उमेदवार बदलला होता.

आंबेडकरी मतांचंही तेच. १९५६च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरनंतर बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती चंद्रपुरात. इथल्या मतदाराला राजकारण शिकवायला बाहेरून कोणी यावं लागत नाही. २०१९ला वंचित बहुजन आघाडीला इथे १ लाख १२ हजार मतं मिळाली. २०२४ला २२ हजारांच्या आसपास. तक्त्यात बौद्धांचा टक्का दोन्ही वेळा तोच लिहिला होता. त्या माणसांनी पाच वर्षांत जो विचार केला, त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

मतदारसंघाच्या नकाशाबद्दलही बोलायला हवं, कारण माजरीचा खरा घोटाळा तिथे आहे. वर्धा नदी ही चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांची सीमा. माजरीहून नदी ओलांडली की वणी, तिथेही वेकोलिच्याच खाणी, तीच धूळ, तेच ट्रक. लोकसभेला दोन्हीकडचे लोक एकाच खासदाराला मत देतात. पण २०१५ ते २०२१ या काळात चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती आणि नदीपलीकडे नव्हती. एक खासदार, एक खाण कंपनी, आणि पुलाच्या दोन बाजूंना दोन कायदे. बंदी बरोबर की चूक हा वाद वेगळा. पण त्या सहा वर्षांत कोणती वाहतूक पुलावरून होत होती हे नदीकाठच्या शाळकरी पोरालाही ठाऊक होतं.

दुसरीकडे चंद्रपूर जिल्ह्यातलेच ब्रह्मपुरी आणि चिमूर गडचिरोलीला जोडले आहेत. तो मतदारसंघ गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावपासून थेट सिरोंच्यापर्यंत जातो. रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या वर. आणि आर्णीचा कापूस पिकवणारा शेतकरी, ज्याचं कोर्ट, कचेरी, दवाखाना सगळं यवतमाळला, तो खासदार निवडतो चंद्रपूरचा. माजरीची धूळ आणि आर्णीचा कापूस एका माणसाने दिल्लीत मांडायचा. मांडता येतो, पण त्याला दोन्हीकडे पाय ठेवावा लागतो.

आणि खासदारच नसला तर? बाळू धानोरकर ३० मे २०२३ला गेले. लोकसभेची मुदत १६ जून २०२४पर्यंत होती. म्हणजे वर्षाहून सतरा दिवस जास्त उरले होते. एका वर्षापेक्षा कमी मुदत उरली असेल तर पोटनिवडणूक टाळता येते. इथे ती उरली होती जास्त. तरी निवडणूक झाली नाही. पुण्याची जागाही गिरीश बापटांच्या निधनाने रिकामी होती. त्यासाठी लोक उच्च न्यायालयात गेले, डिसेंबरमध्ये न्यायालयाने निवडणूक घ्या म्हटलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. चर्चा झाली ती पुण्याची. देशाला कोळसा, वीज, सिमेंट आणि कागद देणाऱ्या अठरा लाख मतदारांच्या मतदारसंघाला वर्षभर खासदार नव्हता, आणि राज्यात त्याचा कोणाला विशेष त्रास झाला नाही. मला झाला. अजूनही होतो.

त्या वर्षात माजरीत खाण थांबली नाही. प्रकल्पग्रस्तांच्या नोकरीच्या फायली थांबल्या असतील, खाण थांबली नाही. जमीन गेली तेव्हा सातबारावर चार भावांची नावं आणि नोकरी एकाला. उरलेल्या तिघांनी पुढे काय करायचं, हा इथला खरा राजकीय प्रश्न आहे. तो कुणब्याच्या घरात आहे, माळ्याच्या घरात आहे, गोंडाच्या घरात आहे. दुसरा प्रश्न ठेकेदारी कामगारांचा. कायम कामगाराला क्वार्टर आहे, युनियन आहे, दवाखाना आहे. ठेकेदाराकडचा पोरगा उत्तर प्रदेशातून, बिहारातून, तेलंगणातून येतो, नाहीतर शेजारच्या गावातला असतो. भाड्याच्या खोलीत चौघं राहतात. खोलीची भाडेपावती मिळत नाही, म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, म्हणून इथल्या यादीत नाव नाही. गावच्या यादीत नाव आहे, पण मतदानाच्या दिवशी गावी जायचं तर रोजी बुडते. त्याचं मत कुठेच पडत नाही. तिकडे कायम कामगार साठीला निवृत्त होतो, क्वार्टर सोडतो, मुलाकडे नागपूरला जातो, आणि त्याचं नाव माजरीच्या यादीत तसंच राहतं. जो आहे तो यादीत नाही, जो यादीत आहे तो गावात नाही. अशा यादीवर टक्के लावून पैज मारणाऱ्यांनी एकदा माजरी स्टेशनावर उतरावं.

आता २०२७ची जनगणना आहे आणि या वेळी जातही मोजली जाणार आहे. चांगलं आहे; अंदाजपंचे तक्ते तरी बंद होतील. त्यानंतर कधीतरी मतदारसंघांची नवी आखणीही होईल, आणि तेव्हा वर्धेच्या दोन्ही काठांचा कोळसापट्टा एकत्र ठेवायचा की कापायचा हे ठरेल. तो एकत्र राहावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण आधी माणसं मोजली जाऊ देत. गणनेला येणाऱ्या गुरुजींना एवढंच सांगणं आहे की माजरीत फक्त कॉलनी करून परत जाऊ नका. रुळांपलीकडच्या भाड्याच्या खोल्यांपर्यंत या, आणि पाळी सुटल्यावर या; सकाळी अकराला तिथल्या प्रत्येक दाराला कुलूप असतं, आणि ‘घर बंद’ असा शेरा मारून पुढे जाणं फार सोपं असतं.