कन्सेप्ट कच्चे, हप्ते पक्के

नागपूरकर पोह्यांवर दुसऱ्यांदा तर्री फुकट मागून घेईल, पण ज्ञान फुकट मिळतंय म्हटलं की त्याला संशय येतो. 2003 साली सुरू झालेल्या एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. 2017 पासून सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं ‘स्वयम्’ आहे. तिथं शिकायला दमडी लागत नाही, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची. असा उलटा धंदा कुठं चालतो का? शहाणं शिकवणी ॲप आधी पैसे घेतं, शिकण्याचं नंतर बघू.

सक्करदऱ्यातल्या आमच्या एका काकांना ऐन जेवणाच्या वेळी अशाच एका ॲपच्या समुपदेशक मॅडमचा फोन आला. मुलगा सातवीत. त्याला न पाहताच मॅडमनी निदान केलं, “सर, कन्सेप्ट कच्चे आहेत.”

“काहून मॅडम? पोट्टं तर शाळेत बरं करून राहिलं ना!”

“शाळा तेच तर लपवते, सर.”

काकूंचा घास हातातच राहिला. रात्रीत हप्ते बांधले गेले. हप्ता म्हणजे कर्ज, आणि तेही ॲपचं नव्हे, तर भलत्याच वित्तसंस्थेचं, हे बँकेचा संदेश आल्यावर कळलं. पोट्टं मात्र ॲपच्या टॅबमध्ये इतकं रमलं, की जेवायला चार हाका माराव्या लागतात. ते त्यावर काय बघतं, हे कोणी विचारत नाही. घरात शांतता आहे.

ॲपच्या फीचे पैसे खात्यातून आपोआप कापू देऊ नका, असं केंद्राच्या शिक्षण खात्यानं डिसेंबर 2021 मध्येच पालकांना बजावलं होतं. पण तो सल्ला फुकट होता, म्हणून कोणी वाचला नाही. शाळेच्या फीवर जीएसटी नाही, शिकवणीवर 18 टक्के आहे. शिक्षण कुठं संपतं आणि धंदा कुठं सुरू होतो, हे निदान कर खात्याला तरी नेमकं ठाऊक आहे.

10 नोव्हेंबर 2019 ला आपल्या नागपूरच्या जामठा मैदानावर दीपक चहरनं बांगलादेशचे 6 गडी 7 धावांत टिपले, तेव्हा त्याच्या छातीवर अशाच एका शिकवणी ॲपचं, ‘बायजूज’चं, नाव झळकत होतं. 2022 मध्ये ही कंपनी 22 अब्ज डॉलरची मानली गेली. जुलै 2024 मध्ये तिला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत नेलं ते क्रिकेट मंडळानं, त्याच जाहिरातीचे सुमारे 158 कोटी थकले म्हणून. देशभरच्या पोरांची वजाबाकी पक्की करायला निघालेल्यांचा हिशेब शेवटी क्रिकेटवाल्यांनी तपासला!

बातमी वाचून काका हळहळले. “आपलं ॲप ते नव्हे न बाप्पा,” म्हणाले, आणि धाकटीसाठी कोडिंगच्या फुकट डेमोचा फॉर्म भरायला बसले.