मुक्या भाषेचं पर्यटन

स्ट्रॅटफर्डला जाऊन शेक्सपिअरच्या घरासमोर फोटो काढणारा मराठी पर्यटक डहाणूला उतरला की समुद्र, चिकू आणि महालक्ष्मी आटोपून परततो. यात अनास्था नाही, शिस्त आहे. भाषातीर्थाला घर, शिलालेख, गेलाबाजार तिकीटखिडकी तरी लागते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तोही जुन्या ग्रंथांच्या आणि लेखांच्या आधारावर. डहाणू-तलासरीची वारली बोली मात्र तोंडातोंडी चालत आली. दाखवायला काही नाही, म्हणजे जपायचा खर्चही नाही.

कोणी म्हणेल, तलासरीतल्या झरीला १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारी झुगारली, त्यावर गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आहे, त्याला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कारही आहे. खरंच आहे, पण ते दादरला बसून वाचता येतं, तलासरीपर्यंत डिझेल कशाला जाळा? कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ शाळा घेऊन पाड्यावर गेल्या, हाही दाखला देतील. हा पायंडा तर घातकच. अशाने उद्या पाहुण्यालाच यजमानाची बोली शिकावी लागेल.

वारली चित्रांचं तसं नाही. गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि तारप्याचा नाच हॉटेलांच्या भिंतींवरही पोचला. त्या चित्रांतल्या माणसांच्या गोल डोक्याला तोंड काढलेलं नसतं, ही केवढी सोय! हाच निकष अभिजात मराठीलाही लावावा: अक्षरं उशीच्या खोळींवर छापावीत, बोलणं बंद करावं. अनेक सुशिक्षित घरांत अर्धी अंमलबजावणी झालीच आहे; खोळी तेवढ्या यायच्यात.