जागरूक नागरिक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

जागरूक नागरिक व्हायचे ठरवलेल्या इसमाने सकाळी सहाच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज टाकावा. मेसेज लांबलचक असावा, वर 'जसा आला तसा' असे लिहिलेले असावे आणि पाठवणाऱ्याने तो शेवटपर्यंत वाचलेला नसावा. वाचला की शंका येते, शंकेपायी उशीर होतो आणि तोवर बी विंगमधले काका तोच मेसेज टाकून मोकळे होतात.

सामाजिक न्यायाला वर्षातला एक दिवस पुरतो. शाहू महाराजांची जयंती, २६ जून, महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी डीपी बदलावा. महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, हे मात्र खाली लिहू नये. वाद पेटतो आणि ॲडमिनला 'फक्त सोसायटीचे विषय' अशी तंबी द्यावी लागते.

यापलीकडे जाण्याचा मोह काहींना होतो. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेला तो झाला होता. सरकारी कामांवर मजुरी पुरती मिळेना, म्हणून तिथल्या मजुरांनी मस्टरच्या नकला मागितल्या. १९९४ पासून जनसुनवाईत ती मस्टरे मोठ्याने वाचली जाऊ लागली, तेव्हा त्यांत कामावर कधी न फिरकलेल्यांची, अगदी मेलेल्यांचीही नावे निघाली. मग माहितीच्या हक्कासाठी १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे झाले. इकडे त्याच हक्कासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले. महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा २००२ चा, देशाचा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू. घरी बसायचे सोडून माणसे बाहेर जाऊन बसली की असे होते.

तरीही हट्टच असेल, तर कृती पुढीलप्रमाणे.

समजा, गल्लीतल्या ड्रेनेजमध्ये सफाई कामगार उघड्या अंगाने उतरताना दिसला. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय असे उतरवणे गुन्हा आहे. फोटो काढून रडकी इमोजी टाकण्याऐवजी माहिती अधिकाराच्या अर्जाचे जोडपत्र 'अ' भरावे: विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 'हा अन्याय का?' असे विचारू नये. जनमाहिती अधिकारी दफ्तरातला कागद देतो, मत देत नाही. ठेकेदाराला दिलेल्या कार्यादेशाची प्रत, मास्क-गमबूट खरेदीची बिले आणि ते मिळाल्याच्या कामगारांच्या सह्या मागाव्यात. बिले बहुधा असतात. सह्यांपाशी खरी गंमत येते.

आवक टेबलावर शिक्क्याची पोच घेतल्याखेरीज हलू नये. 'साहेब मीटिंगला गेलेत' ही पोच नव्हे.

एक बाब थट्टेवारी न्यायची नाही. माहिती अधिकार वापरून जमीन व्यवहारांची प्रकरणे बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे इथे सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. तेव्हा नाजूक विषयावरचा अर्ज एकट्याने करू नये. चार-पाच जणांनी आपापल्या नावाने तोच अर्ज टाकावा.

उत्तराची मुदत ३० दिवस. न आल्यास पहिले अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. उशीर करणाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण तो करतो माहिती आयोग. तिथल्या दुसऱ्या अपिलासाठी ९० दिवस मिळतात. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवावी. सुनावणीची तारीख लिहायला मात्र पुढच्या वर्षीचे कॅलेंडरही जपून ठेवावे.