अधिक मासाची फी

आमच्या सोसायटीत शेठ एकच. बाकी सगळे पगारी. त्यात तीन एमबीए, दोन सीए आणि एक मी, बारावीला वाणिज्य संघटन शिकवणारा मास्तर. हेन्री फेयॉलची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं गेली बावीस वर्षं फळ्यावर लिहितोय, पण आजवर कुणाला साधी सेफ्टी पिन विकलेली नाही.

शेठनं २०१८ साली दहावीला एकसष्ट टक्के काढले. अकरावीच्या प्रवेशाचे पैसे घेऊन घरातून निघाला आणि रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून छत्र्यांचं पोतं घेऊन परतला. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, छत्र्या संपल्या आणि आई बोलायला लागली.

तेव्हापासून सोसायटीतले लोक त्याचा सोयीप्रमाणे वापर करतात. निकालाच्या दिवसांत, 'अभ्यास कर, नाहीतर त्याच्यासारख्या छत्र्या विकशील,' असं मुलांना सांगायचं. त्यानं टेम्पो घेतला त्या संध्याकाळी त्याच मुलांना, 'बघ, नाहीतर तू!' त्याच्या कानावर दोन्ही जातं. त्याला त्यातलं एकच ऐकू येतं: मुलं शाळेत आहेत, म्हणजे जूनमध्ये खाकी कव्हरं खपणार.

त्याचा अभ्यासक्रम म्हणजे कालनिर्णय. आपण त्यावर दुधाचा हिशोब लिहितो आणि चतुर्थी बघतो. तो त्यात माल बघतो. जूनला रेनकोट आणि वह्या, श्रावणात राख्या, भाद्रपदात मखरं, दिवाळीला उटणं आणि आकाशकंदील, संक्रांतीला तिळगूळ आणि वाणाच्या वाट्या, फाल्गुनात पिचकाऱ्या, पाडव्याला गाडीच्या डॅशबोर्डवर मावतील एवढ्या गुढ्या, मग पावसापर्यंत हापूस. पितृपक्षात मात्र त्याला सुट्टी असते. त्या पंधरवड्यात तो मरगळून जिन्यात बसतो.

आंब्याच्या दिवसांत मी दरवर्षी विचारतो, "देवगडच ना रे?"

"पेटी देवगडची आहे, सर."

"आणि आंबा?"

"कापून बघा. गोड लागला तर देवगड, नाही लागला तर मी बदलून देतो."

पेटीत पेंढ्याखाली कानडी वर्तमानपत्र निघालं, तेव्हा शांतपणे म्हणाला, "रद्दीला कुठं भाषा असते, सर?" आणि पेटी खरंच बदलून दिली.

एका पितृपक्षात त्यानं मला त्याची वही दाखवली. मागच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : फी.

पहिली नोंद २०१८ची. थर्माकोलची मखरं, चौदा हजार. "फारच स्वस्तात मिळाली होती, सर." का स्वस्तात मिळाली, ते त्याला महिन्याभरानं कळलं. त्या मार्चमध्येच सरकारनं थर्माकोलवर बंदी घातली होती. ज्यानं विकली तो पेपर वाचत होता, हा नव्हता. तेव्हापासून शेठ रोज सकाळी पेपर वाचतो, आणि शेवटच्या पानापासून नव्हे.

दुसरी मोठी नोंद २०२३ची. राख्या, साडेबावीस हजार. आदल्या वर्षी रक्षाबंधन अकरा ऑगस्टला होतं. सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात, हे त्यानं स्वतःच्या अनुभवातून काढलेलं सूत्र. त्या हिशोबानं जुलैअखेर राखी पौर्णिमा. म्हणून जूनमध्येच रोख पैसे मोजून माल भरला. आणि मग कालनिर्णयचं पान उलटलं, तर समोर अधिक श्रावण! पौर्णिमा गेली थेट तीस ऑगस्टला. महिनाभर पैसा अडकला, तो अडकलाच. पण त्यात निम्म्या राख्या लहान मुलांच्या, लायटीच्या. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मायलेकरं जिन्यात बसून एकेक राखी दाबून बघत होती. पेटली की डाव्या पिशवीत, नाही पेटली की उजव्या. उजवी पिशवी भरत चालली होती. आई म्हणाली, "अरे, सण लांबलाय हे मी सांगितलं असतं की. धोंड्याचा महिना होता. तुझ्या मामानं जावयाला तेहतीस अनारसे दिले." शेठनं 'फी'च्या पानावर रक्कम लिहिली आणि खाली एक ओळ : 'घरात विचारणे.'

पानाची बेरीज करून त्यानं मला विचारलं, "सर, ताईच्या बीबीएला किती गेले?"

मी माझ्या लेकीच्या फीचा आकडा सांगितला.

"म्हणजे मी सरकारी कोट्यातून शिकलो," तो म्हणाला.

आता त्याच्याकडे गाळा आहे, टेम्पो आहे, आणि जीएसटीची रिटर्नं भरायला एक मुलगा आहे. तो मुलगा पदवीधर असल्याचं शेठला विलक्षण अप्रूप. त्याला नावानं हाक मारत नाही. "आमच्या बीकॉमला पाठवतो", "बीकॉम जेवायला गेलाय". आलेल्या गिऱ्हाइकाला एकदा तरी तो दाखवलाच जातो, जसा पूर्वी लोक घरातला फोन दाखवायचे.

गेल्या मे महिन्यात, अधिक ज्येष्ठात, शेठ रात्री दहाला माझ्याकडे आला. हातात आंब्याची पेटी होती, म्हणजे काम नाजूक होतं.

"सर, बारावी बाहेरून देता येते ना? तो सतरा नंबरचा फॉर्म भरून?"

मी चष्मा काढला. "का रे, एकदम?"

"आईला बायोडेटा करायचाय. 'शिक्षण'पाशी येऊन अडलीय." मग जरा थांबून म्हणाला, "आणि बीकॉम कधीकधी मला 'सर' म्हणतो. बरं नाही वाटत."

मी म्हटलं, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, नेमकी तुझ्या सीझनला. तर त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. गुरुजींकडून आधीच लिहून आणलेली. "यंदा अधिक आलाय, म्हणून पुढचा पाडवा लांबलाय. २०२७ला सात एप्रिल. तोवर पेपर संपतात." ज्या अधिक मासानं त्याच्या राख्या विझवल्या, त्यातूनच त्यानं बारावीसाठी वेळ काढला होता.

मी त्याला पुस्तक दिलं. फेयॉलचं पहिलं तत्त्व, कामाची विभागणी, समजावून सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"पण होळीचं काय करशील?" मी विचारलं. "पिचकाऱ्यांचा माल तर फेब्रुवारीतच लागतो."

"तेच ना तुमचं पहिलं तत्त्व," शेठ पुस्तक मिटत म्हणाला. "बारावी मी देतो. पिचकाऱ्या बीकॉम विकेल."